हंगामाच्या सणाची घागर

१९७२ सालच्या हंगामाच्या सणाला सुभद्राबाईंनी डोक्यावरची घागर उतरवून अंगणातल्या टेबलापुढे ठेवली, आणि पाळक शांतवन साळवे यांनी सवयीने विचारलं,

"कुठल्या रानातलं?"

हा त्यांचा दरसालचा प्रश्न होता. कड्याच्या वाटेवरच्या त्या गावात ख्रिस्ती वस्ती होती वीस-पंचवीस घरांची. दिवाळी सरली की एका रविवारी प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं काहीतरी देवापुढे आणी. बाजरीची कणसं, मुगाची ओंजळ, भोपळा, एखादी कोंबडी. पाळक मोठ्याने विचारत, कुठल्या रानातलं, आणि आणणारा मान ताठ करून सांगे, ओढ्याकडच्या, माळावरच्या, वाट्याने केलेल्या. उपासना झाली की तिथेच त्या वस्तूंचा लिलाव होई. गावातले मोठे शेतकरीही त्या दिवशी येत, पण कुंपणाच्या आत नाही. बाहेरच्या लिंबाखाली उभं राहून ते बोली बोलत आणि घेतलेली वस्तू गड्याच्या हाती घरी धाडत. वस्तीतला भोपळा त्यांना चाले. वस्तीतल्या भांड्यातलं पाणी त्यांच्यापैकी कुणी कधी प्यालं नव्हतं.

बहात्तर साली रानच उरलं नव्हतं. जमीन भाजून करडी झाली होती, आणि दुपारी लांबवर पाहिलं की सगळा माळ पाण्यासारखा हलायचा. आदल्या रविवारीच पाळकांनी सांगितलं होतं, मोकळ्या हातांनी या, देवाला कळतं. माणसं तशीच आली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून फोड आलेले हात कुठे ठेवावेत हे कुणाला कळत नव्हतं. कुणी ते मांडीखाली दडवले होते, कुणी पाठीमागे.

आणि सुभद्राबाई घागर घेऊन आल्या.

"रान कुठलं, सायेब," त्या म्हणाल्या. "सोसायटीच्या चारीतलं हाय. दिस उगवायच्या आत भरलं. या सणाला आजवर मी मोकळ्या हातानं आले न्हाई."

त्यांची विधवा सून सत्यभामा बायकांत बसली होती. तिने पदर तोंडात धरला.

गावात हिरवं म्हणावं असं एवढंच होतं, पाणीपुरवठा सोसायटीच्या विहिरीवरचा ऊस. इंजिन रात्रंदिवस धडधडे आणि पाणी चारीने वस्तीच्या कडेने वाहत पुढे जाई. त्यातलं जो घेईल त्याचं नाव खडीच्या कामावरून कमी, असं सोसायटीने ठरवलं होतं. कामावर कोण हे चेअरमन विठ्ठलराव ठरवत. त्या कामावरच सुभद्राबाई आणि सत्यभामा जेवत होत्या. पाळक दोनदा विठ्ठलरावांकडे पाणी मागायला गेले होते. दोन्ही वेळा त्यांना वळचणीला ठेवलेल्या कपबशीतून चहा मिळाला. पाणी मिळालं नाही.

आणि आता विठ्ठलराव लिंबाखाली उभे होते. सणाला यायची त्यांचीही सवय मोडली नव्हती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पाळकांना वाटलं, आपण हे झोपेत बघतो आहोत. उन्हात घागरीचं तोंड चकाकत होतं, आणि इंजिनाचा आवाज कुणाच्या तरी छातीतून यावा तसा येत होता. पवित्र शास्त्रात एका राजाची गोष्ट होती. त्याच्यासाठी शिपायांनी जीव धोक्यात घालून पाणी आणलं आणि त्याने ते न पिता देवासाठी जमिनीवर ओतलं. पाळकांनी ती किती वेळा रंगवून सांगितली होती. पण त्या राजाला दुसऱ्या दिवशी पाणी मिळणार होतं, हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. चोरी करू नको, हेही त्यांनी याच अंगणात पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. घागर ठेवून घ्यावी तर देवाच्या टेबलापुढे चोरीचा माल. परत द्यावी तर या बाईला सगळ्यांदेखत चोर म्हणायचं. आणि हे सगळं आपल्या एका प्रश्नाने.

त्यांनी घागरीवर हात ठेवला आणि दरसालची प्रार्थना म्हटली.

लिलाव पुकारायचं काम त्रिंबक शिंप्याचं. तो उठला.

"बोला मंडळी. औंदा भोपळा न्हाई, कोंबडी न्हाई. पाणी हाय, त्येबी बिनगाळलेलं."

कुणी हसलं नाही. लिंबाखालून सोसायटीचे मोहनराव म्हणाले, "बोली कशापायी करता रं? मालक हितं उभा हाय. चेअरमन, तुमचाच माल हाय, उचला."

तिथली दोघं-तिघं हसली. विठ्ठलराव हसले नाहीत.

पाळक कुंपणापाशी गेले. सुभद्राबाईंसाठी हात जोडायचं त्यांनी मनात ठरवलं होतं, पण तोंडून वेगळंच निघालं.

"विठ्ठलराव, पाणी तुमचं असेल तर घेऊन जा. मी अडवणार नाही."

ते हे सरळ मनाने बोलले. ज्याचं त्याला परत द्यावं, एवढाच त्यांचा विचार होता. बोलून झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ दिसला. गडी आज बरोबर नव्हता; ते पाणी आपलं म्हणायचं तर विठ्ठलरावांना कुंपणाच्या आत यावं लागलं असतं आणि सुभद्राबाईंची घागर हातात धरावी लागली असती, सगळ्या गावादेखत.

विठ्ठलराव फाटकापर्यंत आले. आत आले नाहीत. तिथूनच त्यांनी घागरीकडे पाहिलं, मग सुभद्राबाईंकडे, मग सत्यभामेकडे.

"हे आमचं न्हाई," ते म्हणाले. "चारीचं पाणी गढूळ असतंय. म्हातारीनं झऱ्याचं भरलं आसंल कुठनं तरी."

दहा कोसांत झरा उरला नव्हता, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं.

"झरा कुठला वो," सुभद्राबाई म्हणाल्या, "मी सोता चारीतनं—"

"सुभद्राबाई, बसा," पाळक म्हणाले. इतक्या जोरात ते कधी बोलले नव्हते.

विठ्ठलराव गेले. बोली झालीच नाही. ते पाणी पाळकांनी पेल्याने सगळ्यांना घोट घोट वाटलं. शेवटचा त्यांच्या वाट्याला आला. चव गोडच होती.

सुभद्राबाईंचं नाव कामावरून कमी झालं नाही. चारीवरचा पहारा मात्र त्याच आठवड्यात दुप्पट झाला. पाळकांनी चुलीपाशी बसून बायकोला विचारलं, त्या माणसाला दया आली, की घागरीला हात लावायचं जिवावर आलं? रूथबाई भाकरी थापत होत्या. दोन्ही असेल, असं म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

सुभद्राबाई पुढे सात वर्षं जगल्या. चेअरमनला आपलं पाणी ओळखता येत न्हाई, असं त्या शेवटपर्यंत सांगत. सत्यभामा भावाकडे पुण्याला गेली आणि एका दवाखान्यात आया म्हणून लागली. त्रिंबक म्हातारा झाला, तरी लिलाव तोच पुकारत असे. मोहनराव चेअरमन झाले आणि त्यांच्याच काळात सोसायटी बुडाली. शांतवन साळवे निवृत्त होऊन नगरला राहिले. देवाच्या आज्ञांवर ते पुष्कळदा बोलले, पण चोरीच्या आज्ञेशी आले की त्यांचं बोलणं आखूड होई.

विठ्ठलराव गेल्याचं त्यांना कळलं तेव्हा त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले. या माणसासाठी आभार मानायचे की क्षमा मागायची, हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. त्यांनी नुसतं त्याचं नाव घेतलं आणि ते तसेच बसून राहिले.