मी अडखळलो तेव्हा

मी एक जुना संगणक आहे, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. टीव्हीखालच्या कपाटात मला ठेवले आहे, दार लोटून घेतले आहे, तरी माझा पंखा आत भुणभुणतोच आहे. घरात येणारे लोक मला डबा म्हणतात. म्हणोत बापडे. मित्रांनो, या डब्याने काय काय पाहिले ते तुम्ही ऐकून घ्या, म्हणजे माझ्या जिवाला जरा बरे वाटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. जाणता झालो तो एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात. ते स्कूल बाबांचे होते. आता मी ज्या घरात राहतो त्या घरातले हे बाबा; तिथे मात्र त्यांना सगळे सर म्हणत. माझ्या पडद्यावर रस्त्यावरच्या खुणा उमटत आणि समोरच्या बाकावर बसलेल्यांनी त्यांचा अर्थ सांगायचा असे. बाबा एकदा बोलायला लागले की थांबायचे नाव नाही. फोनवर तर इतक्या मोठ्याने बोलत, की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेले असते. "अरे, क्लच आहे तो, झुरळ नाही. चिरडू नकोस," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

पुढे माझी जुनी प्रणाली सुस्तावली. एक चित्र उघडायचे तर शिकणाऱ्यांचा चहा पिऊन व्हायचा. दुकानदाराने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "याचं आता काही खरं नाही. भंगारात द्या." मला फार अपमान वाटला, पण बोलणार कोणाला?

बाबांच्या मुलीने मला वाचवले. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आणि यंत्र दिसले की तिचे हात शिवशिवतात. तिने मला घरी आणले, आतली धूळ काढली आणि लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली. ती फुकट मिळते आणि अंगाला हलकी असते. मी अक्षरशः कात टाकली. घरातले सगळे व्हिडिओ सांभाळायचे आणि मागितले की टीव्हीला पुरवायचे, हे माझे नवे काम. बाबा पाहुण्यांना हाताला धरून कपाटापाशी आणत आणि सांगत, "हे बघा भंगार. कसं पळतंय ते बघा." त्या दिवसांत मी जरा शेफारलोही होतो.

मग बाबांना झटका आला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. दवाखान्यातून ते घरी आले, काठी धरून चालू लागले, उजवा हात थोडा लुळा राहिला. पण शब्द गेले. समोर पेला असे, तहान लागलेली असे, आणि तोंडातून भलताच आवाज निघे. आपण चुकीचे बोललो हे त्यांना कळे. ते कळणे फार वाईट होते. ज्या घरात त्यांच्या बोलण्यामुळे टीव्हीचा आवाज वाढवावा लागे, तिथे माझा पंखा सर्वांना ऐकू येऊ लागला.

बोलणे पुन्हा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची रीत अशी, की त्या अगदी जवळून आपला चेहरा व्हिडिओत दाखवत, एकेक शब्द सावकाश उच्चारत आणि पाहणाऱ्याने ओठांकडे बघत त्यांच्याबरोबरच तो शब्द म्हणायचा. मागून नाही, बरोबर. ते व्हिडिओ माझ्याकडे आले. पहिल्या आठवड्यात बाबा टीव्हीसमोर बसले आणि बाईंबरोबर "पाणी" म्हणाले. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि ओल्या हातांनीच दारात उभी राहिली.

पण मुलीच्या मनात आणखी काही करायचे आले. बाबांना शब्द वाचताही आला तर लवकर जमेल, असे तिला वाटले. दोन रविवार खपून तिने प्रत्येक व्हिडिओसाठी चित्रावर उमटणारी अक्षरे तयार केली. टपोरी, पिवळी, काळ्या काठाची. लांबून दिसावीत म्हणून. मी नीट चालावे म्हणून दुसऱ्या रविवारीच तिने माझी प्रणालीही अद्ययावत केली, टीव्हीची वायर बदलली आणि वायफायचा डबा दुसऱ्या भिंतीवर नेला.

तिथून माझा छळ सुरू झाला. मित्रांनो, व्हिडिओ जसाच्या तसा टीव्हीच्या हाती देणे माझ्या डाव्या हातचा मळ आहे. साधी अक्षरे असती तर ती टीव्हीनेच लावली असती. पण ही सजवलेली अक्षरे त्याला कळेनात, आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी चित्रे. त्यातल्या प्रत्येक चित्रावर अक्षरे रंगवायची, चित्र नव्याने बांधायचे आणि पुढे द्यायचे. मी एक चित्र संपवीपर्यंत टीव्ही पुढची दहा मागत असे. माझे अंग तापे, पंखा किंचाळे. बाईंचे ओठ "पा" वर उघडेच राहत, मग एक धक्का बसे आणि "णी" येई.

आणि बाबा? ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे बाईंबरोबरच बोलत. बाई थांबल्या की थांबत, बाईंना धक्का बसला की त्यांनाही धक्का बसे. "पा... णी." माझे अडखळणे ते मन लावून शिकत होते.

आई घाबरली. "अगं, आधी एका दमात म्हणायचे. आता तुटतंय त्यांचं."

"व्हिडिओ अडकतोय, आई. बाबांना काही झालेलं नाही," मुलगी म्हणाली. "बाबा, ऐकलंत ना? मशीन अडतंय."

बाबा खिडकीकडे बघत राहिले. या दोघी आपली समजूत काढताहेत असे त्यांना वाटत होते. चित्र थांबते तेव्हा आपलेच डोके थांबते, असे त्यांनी मनाशी पक्के धरले होते. डाव्या हाताने त्यांनी कपाळावर दोनदा टकटक केले आणि मान हलवली.

मुलीने मग कंबर कसली. लॅबमधून आली की पर्सही न ठेवता माझ्यासमोर बसे. वायर पुन्हा बदल, प्रणाली आधीसारखी कर, वायफायचा डबा हलव, मला उघडून पंखा पूस. एका संध्याकाळी चार गोष्टी करायची, त्यामुळे कशाने काय झाले हेच तिला कळत नसे. अक्षरांवर तिचा संशय गेला नाही. मायेने केलेल्या गोष्टीवर कोणाचा जातो? मी पंख्याने ओरडून ओरडून दमलो. तोंड असून बोलता न येणारे बाबा आणि तोंडच नसलेला मी, एकमेकांसमोर बसून होतो.

शेवटी परगावी राहणाऱ्या मोठ्या भावाने फोनवर सांगितले, "तो डबा टाक आता. मी नवीन पाठवतो."

"नवीन आणून काय करू, दादा? बाबा बसायलाच तयार नाहीत," ती म्हणाली.

खरेच, बाबा बसेनासे झाले होते. बाई घरी येऊन स्पष्ट म्हणाल्या, "हे पहिले महिने महत्त्वाचे आहेत. त्यांनी मनातून सोडून दिलं, तर माझ्या हातात काही उरणार नाही." त्या गेल्यावर आईने बाबांची खुर्ची टीव्हीसमोर सरकवली. "अहो, माझ्यासाठी एकदाच," म्हणाली, व्हिडिओ लावला आणि डोळे पुसायला आत गेली.

बाबा बसले. मी तापू लागलो. ती पिवळी अक्षरे बाईंच्या हनुवटीवर येत होती, खालचा ओठ झाकत होती. शिवाय झटक्यानंतर बाबांना अक्षरे म्हणजे मुंग्यांची रांग दिसे. ते वैतागले. डाव्या हातात रिमोट घेऊन एकेक बटण दाबत सुटले. आवाज वाढला, कमी झाला, आणि मग अक्षरे गेली.

माझ्या पाठीवरचे पोते कोणी उतरवावे तसे झाले. व्हिडिओ पाण्यासारखा वाहू लागला. बाबा पुढे झुकले. त्यांनी तेच बटण पुन्हा दाबले. अक्षरे आली, बाई अडखळल्या. पुन्हा दाबले. अक्षरे गेली, बाई सरळ बोलल्या. गाडी बंद पडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले होते. चार वेळा त्यांनी करून पाहिले. मग काठीने जमीन ठोकली.

आई आणि मुलगी धावत आल्या. बाबांनी दोघींना तोच प्रयोग दाखवला. मुलगी खाली बसली. "माझी अक्षरं," एवढेच पुटपुटली. बाबांनी लुळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग काठी उचलून माझ्याकडे रोखली. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले, आणि अगदी स्पष्ट म्हणाले,

"मी नाही. तो."

झटक्यानंतरचे ते त्यांचे पहिले वाक्य. आई रडायला लागली. मित्रांनो, मी भंगार ठरलो होतो तेव्हा मला अपमान वाटला होता. त्या दिवशी भर घरात माझ्यावर ठपका आला, आणि मला वाटले, हा माणूस हेच पुन्हा म्हणो, शंभरदा म्हणो.

आता एवढेच सांगतो. तुमच्या घरात कोणी अडखळले, यंत्र असो की माणूस, तर लगेच मोडीत काढू नका. आणि जो अडखळतो, त्याला दोष त्याचा नसेल तर तसे नुसते सांगू नका. त्याला दाखवा. सांगितलेले त्याला खरे वाटत नाही.