खरे चाळीस मैल

गुरुवारी सकाळपासून नार्सिसाचा पाय घरात ठरत नव्हता. वड्यांसाठी कच्ची केळी किसायला घेतली, तशीच टाकली. अंगणात जाऊन आभाळ बघून आली आणि पुन्हा रेडिओपाशी बसली. कालेता ओंदा गावाच्या बोटींशी बोलायचा रेडिओ तिच्याच घरात होता, त्यामुळे गावातल्या इतर बायकांपेक्षा तिला बातम्या आधी कळायच्या आणि घोरही आधी लागायचा.

विमानं आजपासून उडणार होती. बंदरावरच्या कॅप्टननं सोमवारी शाळेत सभा घेऊन सांगितलं होतं, की पलीकडच्या देशातून चोरटा माल आणणाऱ्या, कोळ्यांना लुटणाऱ्या टोळ्यांच्या बोटी यापुढे पकडायच्या नाहीत, वरूनच उडवायच्या. तुमच्या बोटी कुठे आहेत ते रोज सकाळी कळवा. खोल पाण्यात यादीबाहेरची बोट दिसली, तर तिला कुणी काही विचारत बसणार नाही. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या नार्सिसानं. का नाही वाजवणार? याच टोळ्यांनी चार वर्षांपूर्वी दोन इंजिनांपायी तिच्या नवऱ्याला गोळी घालून समुद्रात टाकलं होतं.

तिचा दीर उल्बियो मात्र सभेत उठून म्हणाला होता, “कॅप्टनसाहेब, वरून चोर कुठला आणि कोळी कुठला, हे दिसतं का हो? बोटी सारख्या, इंजिनं सारखी, रापलेली तोंडंही सारखीच.”

“भाऊजी, चोरांचा एवढा पुळका कशाला तुम्हाला?” नार्सिसानं चारचौघांत त्याला गप्प केलं होतं.

आज साडेसहाला तिचा एकुलता एक मुलगा, यांड्री, रेडिओवर बोलला. “वीस मैल, आई. मासा बरा लागतोय.” तिनं लगेच कॅप्टनला फोन केला. वीस मैल, निळी बोट, तिघं जण. त्यानं लिहून घेतलं. सगळं रीतसर झालं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

दहाच्या सुमाराला उल्बियो आला. वहिनीशी कितीही भांडला तरी तिच्या हातचे वडे त्यानं कधी सोडले नव्हते.

“पोरगं कुठवर गेलंय?”

“वीसवर.”

“म्हणजे चाळीस. बराच आत गेला की!” असं म्हणत तो खुर्चीत टेकला.

नार्सिसानं फोनकडे बघितलं.

गावात वीस म्हणजे चाळीसच. चोरही रेडिओ ऐकतात, म्हणून अंतर निम्मंच सांगायचं, हा नियम नवरा गेल्यावर तिनंच घातला होता. चार वर्षं ती निम्मं ऐकत होती, निम्मंच बोलत होती. कॅप्टनलाही सवयीनं तेच बोलून गेली.

“भाऊजी, मी कॅप्टनला वीस सांगितलं.”

उल्बियोच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. “अरे देवा! म्हणजे चाळिसावरची बोट कुणाचीच नाही.”

कॅप्टनचा फोन लागेना. दोन विमानं नऊलाच डोक्यावरून गेली होती, आणि या बयेनं त्यांना हातसुद्धा जोडले होते. तिनं रेडिओचा माइक ओढला. “यांड्री, परत फीर! आत्ताच्या आत्ता—”

“अहो, थांबा!” उल्बियोनं तिचा हात धरला. “विमान बघून पळणारी बोट म्हणजे संपलंच. थांब म्हणा त्याला.”

“यांड्री, इंजिनं बंद कर. तिघंही उभे राहा. मोठे मासे हातात धरा, वर करून.”

“आई, बरी आहेस ना तू?”

“सांगते तेवढं कर, मेल्या!”

बंदराला कळवायला आता रेडिओच उरला होता. “वहिनी, ते लोक ऐकतील,” उल्बियो हळूच म्हणाला.

“ऐकू देत. बंदर, बंदर! यांड्री आंचुंदियाची निळी बोट चाळीस मैलांवर आहे. वीस नाही, चाळीस! खरे चाळीस! क्रूस टोकाच्या सरळ पश्चिमेला. माझा मुलगा आहे तो, मारू नका!”

“बाई, सकाळी वीस म्हणालात,” कॅप्टनचा आवाज आला. “कुठलं खरं मानू?”

“आत्ताचं. देवाशपथ, आत्ताचं.”

“थांबा.”

थांबणं म्हणजे काय असतं, ते त्या बाईला विचारावं. मग रेडिओतून यांड्री बोलला, अगदी हळू आवाजात. “आई, विमान आलंय वर. घिरट्या घालतंय.”

“मासा उंच धर, बाळा. अजून उंच.”

खरखर चालू राहिली. उल्बियो जमिनीकडे बघत पुटपुटत होता.

“गेलं!” यांड्री ओरडला. “आई, परत गेलं ते!”

नार्सिसानं टेबलावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. तेवढ्यात कॅप्टन म्हणाला, “यादी दुरुस्त केली. पुन्हा असला घोळ नको.”

आणि त्याच्या मागोमाग तिसराच आवाज आला. तरणा, अदबशीर, गावातल्या कुणाचाच नसलेला.

“चाळीस मैल, क्रूसच्या पश्चिमेला. इंजिनं बंद. आभारी आहे, मावशी.”

नार्सिसा ताडकन उठली. “कॅप्टन! विमान परत पाठवा! पाठवा ना हो!” तिनं तीनदा हाक मारली. बंदरातून कुणीच बोललं नाही.

“यांड्री, इंजिनं चालू कर!” ती ओरडली. “पळ रे, जीव घेऊन पळ!”

शब्द तोंडातून गेल्यावर तिला आठवलं, की परत गेलं ते एकच; दुसरं विमान अजून तिकडेच होतं.