गच्चीवरचा दुधी

उन्हाळ्यात गच्चीवर भाजी लावणं म्हणजे सूर्याशी पैज. थोरलीनं ती लावली, आणि वर घरातल्या माणसांशी वेगळी लावली. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

घर दोन मजल्यांचं. खाली धाकटा दीर, त्याची बायको आणि सासरे. वर थोरली आणि तिचा नवरा. त्याच्याही वर गच्ची. त्या गच्चीवर धाकटीचा डोळा होता. ती घरी कपडे शिवायची, आणि तिला तिथं पत्र्याची खोली उठवून तीन मशिनं बसवायची होती. थोरलीला भाजी हवी होती. वाद पेटला तेव्हा दिरानं न्यायाधीशाचा आव आणून निकाल दिला, "उन्हाळाभर गच्ची वहिनीची. दोन्ही चुलींना पुरेल असं काही पिकलं तर राहू दे. नाही पिकलं तर पावसाच्या आत पत्रा चढणार." नवरा 'बघू' म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं 'बघू'शिवाय काही पिकवलं नव्हतं.

थोरली धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री मारायची. दिवसभर वाफेत शिजायचं, आणि घरी आल्यावर बादल्या वाहायच्या. रंगाचे रिकामे डबे, फुटका टब, जुनी पिंपं, सगळं मातीनं भरलं. टोमॅटो फुलांनी लगडला, आणि झळा सुरू झाल्या तशी फुलं वाळून खाली पडली. मिरचीची पानं आकसून म्हाताऱ्याच्या मुठीसारखी झाली. भेंडीला मावा, काकडीला उंदीर. वांगं एक आलं, तेही आतून किडकं. धाकटी जिन्यातून हाक मारायची, "वहिनी, आजची तोडणी किती पोती? टेम्पो सांगू का?"

थोरली दात खाऊन गप्प बसायची. कारण दुधी होता. गेल्या वर्षीच्या दुधीचं बी तिनं स्वतः वाळवून ठेवलं होतं. त्याचा वेल दुपारी मान टाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा उठायचा, अगदी तिच्यासारखा. त्याला दोन फळं धरली. गुळगुळीत, पोपटी, हातभर लांब.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही तोडली. एक घेऊन खाली गेली, आणि शेजारीण दारात उभी आहे हे बघूनच धाकटीच्या हातात दिलं.

"घे. टेम्पो नाही मिळाला, हातानंच आणलं."

शेजारीण हसली. धाकटीचं तोंड दुधीएवढं झालं. पण तीही काही कमी नव्हती. "छान आहे हो. बाबांना रस काढून देते. मोबाइलवर बघितलंय, हृदयाला चांगला असतो."

थोरली वर आली ती तरंगतच. विळी काढली, दुसरा दुधी चिरायला घेतला. तिच्या आईची शिस्त होती, दुधी चिरला की देठाकडची चकती आधी जिभेवर ठेवायची. ठेवली.

कडू. कारल्याचं कडू नव्हे. कारलं बिचारं आधी सांगून कडू असतं. हे लबाड कडू होतं. क्षणभर काहीच नाही, आणि मग जिभेच्या मुळापासून घशापर्यंत खिळे ठोकल्यासारखं. ती थुंकली, तिनं चूळ भरली, पुन्हा थुंकली. कडवटपणा हलेना.

आणि कडू दुधी काय करतो हे तिला माहीत होतं. कारखान्यात घड्या घालणारी एक बाई होती. तिचा धट्टाकट्टा भाचा असला रस पिऊन रक्ताच्या उलट्या करत दवाखान्यात गेला होता. ती गोष्ट थोरलीनंच दहा जणींना तिखटमीठ लावून सांगितली होती.

खाली जिना उतरून सांगायचं, एवढंच काम. अठरा पायऱ्या. पण सांगायचं म्हणजे कुणाला? धाकटीला. काय सांगायचं? की उन्हाळाभर छाती फुगवून जे पिकवलं ते विष आहे. शेजारणीच्या देखत दिलेलं. पावसाच्या आत पत्रा. तिच्या डब्यांवर, मातीवर, वेलावर पत्रा.

ती उभी राहिली. दुसरा गोड असेल, तिनं स्वतःला सांगितलं. एका आईची दोन पोरं सारखी निघतात का? आपल्याच घरात बघा, एक 'बघू' म्हणतो, एक न्याय देतो. स्वतःला फसवायचं ठरवलं की माणसाला दाखल्यांचा तोटा पडत नाही.

खिडकीतून खालच्या मिक्सरचा आवाज आला. घर्रर्र. थांबला. पुन्हा घर्रर्र.

ती उभीच होती. विळीवर हात, तोंडात कडू. मनात एक घाण विचार येऊन बसला होता आणि हलत नव्हता. धाकटी चाखेलच की. चाखून टाकून देईल. आपल्याला सांगावं लागणार नाही.

मिक्सर बंद झाला. पुन्हा लागला नाही. भांडं घासल्याचा आवाज आला, आणि मग धाकटीचा, "बाबा, उठा, हे घ्या."

तेव्हा ती पळाली. चप्पल न घालता.

"पिऊ देऊ नकोस," ती दारातूनच म्हणाली.

धाकटी ग्लास देऊन मशिनवर बसतच होती. म्हातारा पलंगाच्या कडेला, हातात स्टीलचा ग्लास. धाकटी उठून दारात आडवी आली. "का? दिलेलं परत न्यायला आलात, जाऊबाई?"

"दुधी कडू आहे."

"आत्ता कडू झाला? सकाळी शेजारणीपुढे गोड होता."

"वरचा मी चाखला. एकाच वेलाचे आहेत. बाजूला हो."

"माझ्या हातचं बाबांनी प्यायलं की तुमच्या पोटात दुखतं, सरळ सांगा ना."

"अगं बाई, त्यांच्या पोटात दुखेल. हो बाजूला."

दोघी दारात भांडत होत्या तोवर म्हाताऱ्यानं डोळे मिटून आणखी दोन घोट घेतले. थोरलीनं धाकटीला खांद्यानं ढकललं आणि ग्लास हिसकला. तळाशी थोडासा उरला होता.

"बाबा, थुंका."

"गिळलं," म्हातारा म्हणाला. त्याचे ओठ आत ओढले गेले होते. "चांगलं आहे. औषधी आहे."

धाकटीनं ग्लासात बोट बुडवून चाटलं. मग ती मोरीकडे धावली आणि थुंकली.

दोघी नवऱ्यांना फोन लावत बसल्या, आणि अर्ध्या तासात म्हाताऱ्याला उलट्या सुरू झाल्या. आधी हिरवट पाणी, मग त्यात लाल रेघा. दोघे भाऊ मित्राचं सामान हलवायला गेलेले, फोन कुठल्यातरी पिशवीत. दोघी जावांनी म्हाताऱ्याला एकीनं काखेत, एकीनं पायाशी धरून बाहेर आणलं, रिक्षात घातलं. सगळ्या वाटेनं त्याचं डोकं थोरलीच्या मांडीवर होतं आणि हात बर्फासारखे गार पडत होते. भर उन्हाळ्यात गार.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. "काय पोटात गेलंय?"

"दुधीचा रस," थोरली म्हणाली. "कडू. जवळजवळ ग्लासभर. तासापूर्वी."

डॉक्टरणीनं मान वर केली, मग भराभर सुया, सलाईन, नळ्या. रक्तदाब पार खाली गेला होता. दोघींना बाहेर काढलं, बऱ्याच वेळानं आत घेतलं. म्हातारा कागदासारखा पांढरा, पण शुद्धीवर.

"आजोबा, इतकं कडू लागलं नाही का?"

"लागलं की."

"मग प्यायलात कशाला?"

म्हातारा दम घेत घेत म्हणाला, "आमच्याकडे पुढ्यातल्याला नाव ठेवलं की दोन्ही मजले आठवडाभर बोलत नाहीत. त्यापेक्षा गिळलेलं परवडतं."

डॉक्टरीण हसली नाही. "आजची रात्र महत्त्वाची," म्हणाली आणि गेली. नर्सनं सांगितलं, घोटघोट पाणी द्या, जास्त नको.

बाहेरच्या बाकावर धाकटी पदराचं टोक पिळत बसली होती. तशीच म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तुम्ही चाखलंत कधी?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. साक्षीला कोण होतं? विळी.

"तुझा मिक्सर लागायच्या आधी."

धाकटीचे हात थांबले. "आधी? म्हणजे तुम्ही वर..."

"ऐकत उभी होते."

कॉरिडॉरमधून एक ट्रॉली खडखडत गेली. धाकटीनं आधी डोळे पुसले, मग तिचा चेहरा हिशेबाला बसल्यासारखा झाला. थोरलीला तो चेहरा ओळखीचा होता. स्वतःचाच होता.

"हे मी कुणाला बोलणार नाही," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "दुधीच खराब निघाला, कुणाचा दोष नाही, असं सांगू. घरात राहायचंय आपल्याला. पण गच्चीचं मग तुम्ही स्वतःहून सोडा. मी मागितली असं व्हायला नको."

आत सासरा सुयांवर टांगलेला, आणि बाहेर सुनांचा सौदा. थोरलीला राग आला, पण तो धाकटीवर टिकेना. जी बाई स्वतः गच्चीसाठी मिक्सर ऐकत उभी राहिली, ती कुठल्या तोंडानं दुसरीला नीच म्हणणार?

तेवढ्यात दोघे भाऊ धापा टाकत आले. अंगावर सामानाची धूळ. "काय झालं? कसं झालं?"

धाकटी उठली. "अहो, तो दुधी..."

"मला कळलं होतं," थोरली म्हणाली. "दुधी कडू आहे हे मला बाबांनी प्यायच्या आधी कळलं होतं. खाली यायला मी वेळ लावला. गच्ची जाईल म्हणून. मुद्दाम."

दीर तिच्याकडे बघत राहिला. नवरा भिंतीकडे. "आत्ता कशाला हे," तो पुटपुटला.

"आत्ताच. नंतर मी बोलणार नाही, मला ठाऊक आहे."

"आणि मी दारात अडवलं," धाकटी एकदम म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "त्यांनी सांगितलं तरी अडवलं. त्यात बाबा आणखी प्यायले."

दीर सरळ आत गेला. त्याच्या मागोमाग सगळे. गच्चीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती, ती गेलीच होती. आणि गेली याचं थोरलीला त्या घडीला काहीच वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

पडदा पातळ होता. बाहेरचा शब्द न् शब्द आत गेला असणार. म्हातारा डोळे उघडे ठेवून पडला होता.

"पाणी," तो म्हणाला.

थोरली सगळ्यांत जवळ होती. तिनं पेल्यात पाणी ओतलं, त्याच्या मानेखाली हात घातला, पेला ओठाजवळ नेला.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. रागावला नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता, वाट बघितल्यासारखा. दीर बघत होता, नवरा बघत होता, धाकटीनं मान खाली घातली.

थोरलीला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं पेला स्वतःच्या तोंडाला लावला, सगळ्यांच्या देखत एक घोट घेतला आणि गिळला.

तेव्हा म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.