दोघींचं पथ्य

सुलतानबीने चपला काढल्या, पदर आवळून घेतला आणि पार्सल ऑफिसच्या काट्यावर असा पाय टाकला, जशी काही चालती गाडीच पकडायची आहे. लोखंडी फळी करकरली. पार्सलबाबू बबनरावांनी दांडीवरचं वजन पुढे सरकवलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं.

"शहाऐंशी."

"किलो का शेर?"

"किलो. शेर गेले कधीच."

"तरी म्हनलं. शेरात येवढी भरले नसते."

"शेरात ब्याण्णव भराल, भाभी. लेबल लावून सोलापूरला पाठवू का?"

"पाठवा की. भाडं आमच्या ड्रायव्हरसायबाकडनं घ्या."

हमालसुद्धा हसले. मग दयाबाई चढल्या. रेल्वेच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाई. काट्यावरही फळ्यापुढे उभ्या राहाव्यात तशा ताठ.

"एक्क्याऐंशी! बाई, तुम्ही तर निम्म्या झालात."

दयाबाई नुसत्या मान हलवून उतरल्या.

दोन महिन्यांपूर्वी दोघींचा आकडा एकच होता, अठ्ठ्याऐंशी. दोघींचे गुडघे एकाच सुरात कुरकुरत होते. दौंडच्या रेल्वे दवाखान्यात डॉक्टर सबनिसांनी दोघींना एकच तक्ता लिहून दिला होता: भात बंद, साखर बंद, तळण बंद, दोन वेळा एकेक भाकरी, पालेभाजी, ताक, मधे काही तोंडात टाकायचं नाही. दयाबाईंनी तो पीठ लावून चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला. सुलतानबीने मात्र तो तिथल्या तिथे डॉक्टरांना परत केला.

"मी सगळं खानार, डाक्टर. पन निम्मं. आन् दिवस बुडला की पानी सोडून काय न्हाई."

डॉक्टर तसे गमतीदार माणूस. म्हणाले, "ठीक आहे. तीन महिने दोघींनी आपापल्या रीतीनं करा. जिचं वजन जास्त उतरेल, तिनं महिला मंडळात येऊन सगळ्यांना सांगायचं."

तक्ता पाळणं दयाबाईंना जड गेलं नाही. जड गेलं ते भलतंच.

त्यांच्या लायनीत आठ क्वार्टर्स, आणि या दारातून त्या दारात दिवसभर वाट्यांची ये-जा. सिंधूबाईंची कटाची आमटी, सुलतानबीचा खिमा, नाताळात दयाबाईंच्या करंज्या. रीत एकच, वाटी रिकामी परत जायची नाही. त्यामुळे एक वाटी आली की दुसरी निघायची, आणि प्रत्येक वाटीमागं उंबऱ्यात टेकून अर्धा तास गप्पा. नवरा वारल्यापासून आणि लेक राहेल मिरजेला सासरी गेल्यापासून दयाबाईंच्या घरात आवाज होता तो एवढाच.

पहिल्या आठवड्यात सिंधूबाई शिरा घेऊन आल्या. "नको हो, माझं पथ्य आहे," बाई म्हणाल्या. अनसाबाई भजी घेऊन आल्या. "नको हो." तिसऱ्या आठवड्यात कुणीच आलं नाही. बायका वाईट नव्हत्या. उलट बाईंचा नेम मोडू नये म्हणून जपत होत्या. बाईंच्या दारावरून जाताना वाटीवर पदर धरायच्या. वास जाऊ नये म्हणून!

अनसाबाईंच्या सुनेच्या डोहाळजेवणाच्या दिवशी भिंतीपलीकडून गाणी ऐकू आली, मग पंगतीचा गलका, मग कुणीतरी ठसका लागेपर्यंत हसलं. दयाबाईंनी भाकरीचे चार तुकडे केले. एकेक तुकडा मोजून चावला. ताक प्यायल्या. ताट घासलं. पलीकडे पंगत अजून बसलेलीच होती, म्हणून घासलेलं ताट त्यांनी पुन्हा एकदा घासलं.

दुसऱ्या दिवशी नळावर अनसाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "तुमाला मुद्दाम न्हाई बोलावलं बाई. समोर पुरनपोळी, आन् तुमी बगत बसनार. जिवाला बरं वाटलं नसतं."

"खरंय," दयाबाई म्हणाल्या आणि भरलेली कळशी उचलली. ती आता पहिल्यापेक्षा हलकी लागत होती.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काट्यानं निकाल दिला. सुलतानबी पंच्याऐंशी, दयाबाई अठ्ठ्याहत्तर.

शनिवारी दुपारी शाळेच्या वर्गात महिला मंडळ भरलं. मुलांच्या बाकांवर मोठ्या बायका अवघडून बसल्या होत्या. सुलतानबी पहिल्या बाकावर, अर्धी आत, अर्धी बाहेर. डॉक्टरांनी दोन शब्द बोलून खडू दयाबाईंच्या हातात दिला. बाईंनी तक्ता फळ्यावर उतरवला, सुवाच्य अक्षरात, ओळ जराही तिरकी न जाता. बायका नव्या नजरेनं त्यांच्याकडे बघत होत्या. सैल झालेला ब्लाउज, पिनेनं दुमडलेली बाही.

"बाई, तरास झाला का हो?" सिंधूबाईंनी विचारलं.

"भुकेचा नाही झाला," दयाबाई म्हणाल्या.

पुढे काहीतरी येईल म्हणून बायका थांबल्या. बाईंनी हाताचा खडू झटकला. रुमालानं बोटं पुसली, एकेक करून.

"पुढचे तीन महिने मी सुलतानबीचं पथ्य करणार आहे."

वर्गात हशा उसळला. डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो बाई, असं काय करता? तिचे तीन किलो उतरले, तुमचे दहा!"

"हो, डॉक्टर. काट्याची चूक नाही."

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघे बरे आहेत."

सुलतानबी गालावर हात ठेवून बघत राहिली होती. सात किलोंनी हरली तेव्हा ती खो खो हसली होती. आता तिला हसू येईना.

"मग उद्या आमच्यात या जेवायला," ती म्हणाली. "खिमा करनार हाय. पन निम्माच वाढीन, सांगून ठिवते."

"किती वाजता?" दयाबाईंनी विचारलं, आणि इतक्या घाईनं, की मागच्या बाकावरच्या दोघीतिघी पुन्हा हसल्या.

"तुमचं चर्च सुटलं की तशाच या," सुलतानबी हळूच म्हणाली. "घरी जाऊच नका."