पाच सुताची जोडी

रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला गाझियाबादच्या औद्योगिक भागात, चुन्याने आखलेल्या रेषेवर जी लाल गाडी थांबायला हवी होती, ती रेषा ओलांडून एका बंद कारखान्याच्या फाटकाला जाऊन धडकली. फाटकाची एक पट्टी वाकली. कोणाला लागलं नाही. रेषेच्या कडेला प्रभा उभी होती. गाडी समोरून गेली तेव्हा तिला काचेतून नवऱ्याचा चेहरा दिसला. दात आवळलेले, उजवा खांदा पुढे आलेला. सगळं अंग तो पायात ओतत होता.

इंद्रजित गाडीतून उतरला नाही. त्याला काठी लागते आणि काठी प्रभाकडे होती.

"लागलं का कुठे?"

"हिशेब चुकला," तो समोर बघत म्हणाला. "ब्रेकचा हिशेब. मी चुकलो, प्रभा."

इंद्रजितची एकवीस वर्षं फरिदाबादच्या एका कारखान्यात ब्रेक तपासण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी चालताना त्याचं उजवं पाऊल घासायला लागलं. नसांचा आजार, डॉक्टर म्हणाले. आधी पाय, मग हात. डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहील. बाकी सगळं ऐकून घेतल्यावर इंद्रजितने हे एक वाक्य स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं.

दोन दारांची ही जुनी जपानी गाडी त्याने घराजवळच्या श्यामच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं रविवार घालून नव्याने बांधली होती. वजन कमी करायला शेजारची सीटसुद्धा काढून टाकली होती. ब्रेकच्या पेडलमागे दोन सिलिंडर होते, एक पुढच्या चाकांचा आणि एक मागच्या. सिलिंडरचं भोक जितकं लहान, तितका कमी जोर लागतो. पेडल तेवढं खोल जातं. पाय हलका पडू लागला तसं इंद्रजितने भोक लहान करायला घेतलं. सहा सूत, म्हणजे पाऊण इंच होतं, ते साडेपाच केलं. दर वेळी जोडीच बदलायची, एकच बदलला तर पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ जातो.

श्यामने एकदा सुचवलं होतं, "सर, बूस्टर डाल दूँ? बच्चा भी दबा लेगा."

"और इंजन कहाँ रखूँ? तेरी गोद में?"

श्याम हसला होता. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या डब्याला खरंच जागा नव्हती.

नवरा-बायकोत ठरलं होतं की जोडी बदलली की रविवारी रस्ता रिकामा असताना गाडी रेषेवर थांबवून दाखवायची. थांबली तर चालवायची. एकदा चुकली तर दुरुस्त करून पुन्हा एक संधी. मग मात्र किल्ली प्रभाची.

आता एक संधी उरली होती.

घरी आल्यावर इंद्रजित जेवणाच्या टेबलाशी बसला आणि हिशेब पुन्हा मांडायला लागला. पेडलची लांबी, भोक, पॅड, गाडीचं वजन. दुपारपर्यंत त्याने तो तीनदा केला. तिन्ही वेळा गाडी रेषेवर थांबत होती.

"मला काहीतरी विचार," तो म्हणाला. "गुणाकार विचार."

"काय हे, इंद्र?"

"विचार ना यार."

"सतरा तेवीस."

"तीनशे एक्क्याण्णव. बरोबर?"

प्रभाने फोनवर करून पाहिलं. "बिल्कुल बरोबर."

"मग चूक दिसत का नाही मला?" त्याने पेन खाली ठेवलं. "डॉक्टरांची वेळ घे. डोक्याचं काय ते एकदा बघून टाकू."

प्रभा स्वयंपाकघरात गेली. कुकरची शिटी झाली, तरी ती गॅसपाशी तशीच उभी राहिली.

पायाचा जोर ते घरीच मोजत. वजनाचा काटा भिंतीला उभा टेकवायचा, समोर खुर्चीत बसून इंद्रजितने पायाने रेटायचं. काट्याचा आकडा टाचेखाली येई, त्याला दिसत नसे. प्रभा जमिनीवर बसून वाचे. मागच्या महिन्यात तिने एक्केचाळीस सांगितले होते. त्याआधी बेचाळीस होते. एकाने कमी, एवढं सांगणं तिला झेपलं होतं. त्या एक्केचाळीस किलोंवर त्याने भोकाचं माप काढलं होतं.

सकाळी गाडी समोरून गेली तेव्हाच तिला कळलं होतं. पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, की तो आपल्या डोक्यावर संशय घेईल.

ती बाहेर येऊन त्याच्यासमोर बसली.

"एक्केचाळीस नव्हते. पस्तीस होते."

इंद्रजितने तिच्याकडे बघितलं. मग कागद ओढून घेतला, एक आकडा खोडला, खाली काही ओळी लिहिल्या.

"गाडी रेषेच्या पुढेच जाते," तो म्हणाला. "अच्छा. म्हणजे डोकं ठीक आहे."

"ठीक आहे."

"सहा किलो दान केलेस मला. मारलं असतंस." त्याच्या आवाजात राग होता, आणि सुटकाही. थोड्या वेळाने राग राहिला, सुटका गेली. "पस्तीस," तो म्हणाला. "महिन्याभरात सात गेले?"



प्रभा कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या सदनात पाहुण्यांच्या खोल्यांचं आरक्षण बघते. सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती मेट्रोने करोल बागेत उतरली. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीतला दुकानदार तिला आता ओळखत होता.

"पाँच सूत की जोडी," ती म्हणाली.

"पहले छह, फिर साढे पाँच, अब पाँच. मॅडम, गाडी छोटी हो रही है क्या?"

"गाडी उतनी ही है."

त्याने दोन खोकी काउंटरवर ठेवली, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून आवाज उतरवला. "इससे छोटा नहीं आता, मॅडम. बता देता हूँ."

"मालूम है," ती म्हणाली. तिला मालूम नव्हतं.

श्यामने गुरुवारी जोडी बसवली. शनिवारी संध्याकाळी काटा पुन्हा भिंतीला लागला. इंद्रजितने रेटलं. प्रभा खाली वाकली.

"चौतीस."

"खरे?"

"खरे. फोटो काढू?"

"नको." त्याने डोळे मिटून हिशेब केला. "पुरतील. जेमतेम. एक किलो इकडेतिकडे झाला की नाही पुरणार."

प्रभा उठली. पोटमाळ्यावरून तिने सकाळीच काहीतरी खाली उतरवून ठेवलं होतं. जुनी चादर बाजूला केली तेव्हा खाली गाडीची सीट होती, शेजारची, पुसून साफ केलेली. चार बोल्ट पिशवीत घालून सीटलाच बांधले होते.

"श्यामला सांग, उद्या लवकर येऊन बसव म्हणावं," ती म्हणाली. "मी रेषेपाशी नाही उभी राहणार."

"वेडी आहेस का? वजन वाढेल."

"वाढू दे."

"हिशेब बदलेल, प्रभा."

"मग बदललेला कर."

 इंद्रजितने काठीच्या टोकाने काटा भिंतीपासून ओढला आणि जमिनीवर आडवा केला.

"उभी राहा," तो म्हणाला. "चप्पल काढून."

ती उभी राहिली. त्याने खुर्चीतून वाकून आकडा वाचला आणि सांगितला. मग कागद पुढे ओढला. प्रभा काट्यावरून उतरली नाही.

रात्री जेवणं झाली तेव्हा हिशेब अजून टेबलावरच होता, शेवटचा आकडा न लिहिलेला. श्यामला फोन गेलेला नव्हता. किल्ली खुंटीवर होती.