झाकणावर नाव असलेला डबा

म्हैसांगच्या अलीकडे नितेशनं जीप थांबवली, "लघवीले जाऊन येतो, दोन मिन्टं," म्हणाला आणि गेला. जीपमध्ये अकरा सीटा बसलेल्या होत्या, टपावर एक. त्यांनी दोन तास वाट पाहिली. शेवटी टपावरचा खाली उतरला आणि त्यानंच जीप दर्यापूरला आणून लावली. वाटेत आणखी दोन सीटा घेतल्या म्हणे.

नितेश माझा नवरा. लग्नाला तीन वर्षं झालेली.

त्या वर्षांत वऱ्हाडात माणूस तासभर दिसला नाही की लोक आधी विहिरीत पाहायचे, मग घरात. गावानं त्या रस्त्याच्या चार विहिरींत गळ टाकले. भर उन्हात मी काठावर उभी. तीन बादल्या निघाल्या, एक सायकल निघाली आणि गावातल्या नत्थुजींची पितळी कळशी निघाली. तिच्या चोरीवरून ते सहा वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नव्हते. नितेश निघाला नाही.

ठाण्यातल्या जमादारानं विचारलं, "शेती किती?"

"शेती नाही. जीप आहे."

"मंग विहिरी काहून पाहून राहिले? अकोल्यात बाई असन."

मलाही तेच वाटत होतं. कारण टपावरच्यानं एक गोष्ट सांगितली होती. जाताना नितेशच्या हातात डबा होता. लघवीला डबा घेऊन कोण जातं? डबा माझ्या माहेरचा. बापानं अमरावतीहून घेतलेला, झाकणावर माझं नाव, सासरचं गाव, तालुका, सगळं कोरून. म्हणजे माझ्या नावाच्या डब्यात माझ्या हातचं जेवण दुसरीसोबत बसून खायचं. नियोजन चांगलं होतं.

अमरावतीहून भावाचा निरोप आला. "रविवारी न्यायले येतो. सामान बांधून ठेव." रविवारपर्यंत मला एवढंच कळायला हवं होतं, की मी विधवा म्हणून जायचं का टाकलेली म्हणून. दोन्हींत लुगडी सारखीच बांधायची, पण रडणं वेगळं असतं.

तिसऱ्या दिवशी नितेशच्याच स्टँडवरचा ड्रायव्हर शेषराव डबा घेऊन दारात आला.

"वहिनी, डबा. मले काई इचारू नका. आईची शपथ घेतली."

"कोनाच्या आईची?"

"त्याच्याच."

सासू, पार्बताबाई, बाजूलाच तूर निवडत बसली होती. "माह्या शपथा वाटून राहिला का तो गावभर?" ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. पोरगा जिवंत आहे एवढं तिला पुरलं.

मलाही पुरलं असतं. पण मी डबा उघडला. डबा घासलेला होता, लख्ख. नितेशनं जन्मात स्वतःचं ताट उचललेलं नाही. आणि आत मूठभर गहू होते. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी मूठभर टाकतात. हे पुरुषांना कुठं माहीत असतं? म्हणजे बाई होती, आणि चांगल्या घरची होती. मला त्याचाच जास्त राग आला. सवत असावी तर निदान आळशी असावी.

"आजचा भरून द्या," शेषराव म्हणाला. "त्यानं मांगतला."

मी दिला. तपास म्हणून दिला. पंधरा मिरच्यांचा ठेचा घातला. डबा परत आला तो घासून, मूठभर तूरडाळ घालून. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठच टाकलं नाही. परत येताना डब्यात मिठाची पुडी. बाई हुशारही होती.

शनिवारी मी डबा भरला आणि तो मांडीवर घेऊन शेषरावच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. "डबा जाते तिथं मी."

शेषरावनं थोडा विचार केला. "मी फक्त सांगनार नाही म्हनलो होतो," तो म्हणाला आणि जीप काढली.

अकोल्याबाहेर एका शाळेच्या इमारतीवर कापडी फलक होता, 'मनोबल शिबिर'. आवारात दहा-अकरा पुरुष रांगेनं बसून राखेनं भांडी घासत होते. पाचवा माझा नवरा.

शिबिर चालवणाऱ्या आकांक्षा नावाच्या मॅडम फाइल घेऊन आल्या. त्यांची गाडी म्हैसांगजवळच्या पांदणीनं जात असताना नितेश त्यांना विहिरीच्या काठावर बसलेला दिसला. शेजारी डबा, न उघडलेला. त्यांनी त्याला डब्यासकट उचलून आणलं.

"पहिले तीन दिवस म्हणत होते, मला काही दुःख नाही. असं म्हणणाऱ्यांवर आम्ही जास्त लक्ष ठेवतो. कारण लिहिल्याशिवाय सुट्टी नाही. चौथ्या दिवशी लिहिलं."

त्यांनी कागद दाखवला. दुःखाचे कारण: बायको.

"आता सुट्टीसाठी कारणाची सही लागते," त्या म्हणाल्या.

मी सवतीला काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. इथं तिच्या जागी मीच निघाले.

मी नितेशपुढे उकिडवी बसले. "मी का?"

"काईतरी लिहा लागत होतं. बाकीच्यायनं कापूस लिहिलं. आपल्याजवळ कापूस कुठं हाय?"

"अन् मूठ कोन टाकत होतं डब्यात?"

"मीच. आई टाकते ना. पायलं होतं."

"विहिरीवर काहून बसले होते?"

"सावलीले."

म्हैसांगजवळच्या चारही विहिरींवर मी उभी राहिले होते. एकीवरही झाड नाही. मी तसं म्हणाले. तो हातातलं ताट घासत राहिला, घासून झालेलंच.

"मंग डबा काहून नेला?"

त्यानं माझ्या हातातल्या डब्याच्या झाकणावर राखेचं बोट ठेवलं. "याच्यावर नाव हाय तुयं," तो म्हणाला. "गाव हाय. म्हनलं, कोनाले सापडलो तं कोनाच्या घरी न्याचं, ते समजीन."

शेजारचा माणूस घासायचा थांबला, मग पुन्हा लागला.

"झालं काय होतं पन?"

"मालूम नाही. जीप भरलेली होती. टपावर बी एक होता. सगळं बराबर होतं."

दुसऱ्या बाईसाठी माझ्याजवळ दीडशे प्रश्न होते. याच्यासाठी एकही नव्हता.

मॅडमनी पेन पुढं केलं. "कारण मान्य?" मी सही केली. त्याच्याजवळ दुसरं कारण नव्हतं, एक तरी कागदावर असावं. दर बुधवारी बोलायला यायचं, असं त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं आणि आम्हाला सोडलं.

रविवारी भाऊ आला, नितेशला समोर बघून जेवला आणि जाताना माझ्या कानात म्हणाला, "बाईच असन." मी हो म्हटलं.

आता डबा रोज जातो आणि रोज घासून येतो. कधी चार बोरं, कधी शेंगा. एकदा काहीच मिळालं नसावं, तर जीपचा एक नट होता. तोही मी बरणीत ठेवला. संध्याकाळी नितेश दारात आला की मी आधी झाकण उघडते, मग त्याच्या तोंडाकडे पाहते.