माहेरच्या वाटेला तापणारी गाडी

भागवतची लाल गाडी वसमतच्या रस्त्याला कधीच तापत नसे. हळदीचे टेम्पो मागे टाकत ती जायची, तशीच परत यायची, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा आपला मधोमध. ती तापायची फक्त शिवकन्येच्या माहेराला जाताना. शिवकन्या म्हणजे भागवतची बायको, आणि ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

गाडी जुनी होती. तिचा पहिला मालक पुण्याचा. त्याने हौसेने घेतली आणि घरात लेकरं झाल्यावर मोठ्या गाडीपायी विकून टाकली. दिसायला बुटकी, चार माणसांची, पण इंजिनला टर्बो. पाय जरा जोरात पडला की मान मागे सीटला चिकटायची. जवळा बाजार गावात ती उभी राहिली की कापूस विकायला आलेली माणसंही बॉनेट उघडायला लावायची. भागवत आनंदाने उघडायचा.

शिवकन्येचं माहेर कळमनुरीकडचं. डांबरी रस्ता सोडला की माळावरून खडीचा अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर हमखास मेंढरं. तिचे वडील दगडोबा, ज्यांना ती दादा म्हणायची, यांचा कळप मोठा. भागवतच्या घरची मेंढरं आज्याच्या काळातच मोडलेली, त्यामुळे त्याला त्या जनावराची सवयच राहिली नव्हती.

शिवकन्येची आई पंचफुलाबाई गुडघ्यांनी बेजार झाली होती. तिला चार दिवस लेकीकडे आणायचं आणि वसमतच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं. संक्रांत झाल्यावर दोघं तिला आणायला निघाले. डांबरी रस्त्यावर गाडी झकास पळाली. खडीच्या रस्त्याला लागले, समोर कळप आला, गाडी पहिल्या गिअरमध्ये मेंढरांच्या मागे रांगायला लागली आणि काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ निघाली.

भागवतने गाडी बंद केली. रेडिएटरचं झाकण उघडायला तो रुमाल गुंडाळून पुढे सरसावला, तेव्हा शिवकन्याच ओरडली, "हात भाजून घेता का? गार होऊ द्या की!"

गार झाल्यावर त्याने पाणी ओतलं आणि म्हणाला, "पुढं चढ हाय. इंजिन बसलं तर सगळंच गेलं. माघारी चल."

माघारी वळले. डांबरी रस्ता लागला, गाडीने वेग घेतला आणि काटा शहाण्या लेकरासारखा मधोमध येऊन बसला.

शिवकन्या काट्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे बघत राहिली.

जवळा बाजारचा जगन मिस्त्री भागवतचा मित्र. त्याने थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवं भरलं आणि तपासायला म्हणून गाडी मोठ्या रस्त्यावर काढली. तासाभराने केस विस्कटलेला, खूश होऊन परत आला.

"काय बी झालं न्हाई हिला. लई भारी पळती!"

दुसऱ्यांदा निघाले. पुन्हा खडीचा रस्ता, पुन्हा मेंढरं, पुन्हा वाफ. पुन्हा माघारी. जगनने आता रेडिएटर काढून धुतला, आणि पुन्हा गाडी मोठ्या रस्त्यावर पळवून आणली. पुन्हा खूश.

त्या दिवशी शिवकन्येने भाकरी ताटात जरा उंचावरूनच टाकली.

"तुमाला एक इचारू का? ही गाडी माझ्याच माहेराला काहून तापती?"

"आता मला काय माहीत? मशीन हाय ती."

"मशीनला माझं माहेर कळतं का? घराकडं तोंड केलं की गार होती! तुमी काहीतरी करून राहिले. कुठलं तरी बटन दाबता तुमी."

"शिवकन्या, तापायचं बटन नसतं गाडीत!"

"मंग माय माझी तशीच लंगडत राहू दे."

भागवतला हे लागलं. लागायला कारणही होतं. गाडीत बटन नव्हतं हे खरं, पण दोन्ही वेळा माघारी वळताना त्याला बरं वाटलं होतं, हेही खरं. दिवाळीत तो सासुरवाडीला गेला, तेव्हा लोकर कातरायचं काम चालू होतं. दगडोबाने त्याचे पांढरे कपडे पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि एक दांडगा एडका त्याच्या हवाली केला. "धरा जावई. तुमी काय पाहुणे हाव का?" एडक्याने जावयाला आडवं पाडलं, उठू दिलं, पुन्हा पाडलं. अख्खी आळी बघायला जमली होती.

सकाळी शिवकन्येने फैसला केला. अंगणात गाडीशेजारी बाज टाकली. शेजारच्या भिकाबाईला साक्षीला बोलावलं. दोघी तूर निवडत बसल्या.

"चालू करा," ती नवऱ्याला म्हणाली. "इथं मेंढरं न्हाईत, माझं माहेर न्हाई. तुमी हात लावू नका कशाला. इथं तापली न्हाई तर समजून घ्या मी काय समजायचं ते."

भागवतने गाडी चालू केली आणि हात वर करून लांब पायरीवर जाऊन बसला. मनातून तो घाबरला होता. उभ्या गाडीला तापायला काय झालंय? तोंडघशी पडणार आपण.

शिवकन्या मधूनच उठून काटा बघून यायची. "मधीच हाय," ती भिकाबाईला सांगायची. भिकाबाई मान हलवून भागवतकडे बघायची. थोड्या वेळाने शिवकन्येने ऊन लागतं म्हणून एसी लावून बघितला. "भिकाबाई, यानं गरमच हवा फेकली माय!"

पुढच्या खेपेला ती गाडीत वाकली आणि तशीच थबकली.

"चढून राहिला," ती हळू आवाजात म्हणाली.

भागवत पायरीवरून उडी मारून आला. काटा खरोखर लाल रेघेकडे निघाला होता. "तापली!" तो ओरडला. "तापली, तापली! बघा भिकाबाई, इथं बी तापली!" स्वतःचीच गाडी उकळत असताना तो माणूस अंगणात टाळ्या वाजवत होता. शेवटी शिवकन्येनेच किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"खूश झाले काय? म्हणजे खरंच बिघाड हाय तिच्यात."

तेव्हा कुठे भागवतचा आनंद उतरला.

दोघं बॉनेट उघडून उभे राहिले. आता भांडायला काही उरलं नव्हतं, तेव्हा दोघांची डोकी एका जागी चालायला लागली. शिवकन्या म्हणाली, "पळताना तापत न्हाई. उभी राहिली की तापती. मेंढरांच्या मागं बी उभ्यासारखीच असती."

"पळताना वारा लागतो रेडिएटरला," भागवत म्हणाला. "उभी असली की वारा पंख्यानं द्यायचा..."

दोघांनी एकदमच त्या काळ्या पंख्याकडे पाहिलं.

"आत्ता फिरत होता का हा?"

"मी कुठं पाह्यलं? मी तर पायरीवर बसलो होतो, तूच बसवलं."

जगनला बोलावलं. पंख्याचं ऐकून त्याचा चेहरा पडला. "आरं, मी दोन्ही टायमाला रोडवर पळवूनच पाह्यली की. एकदा उभी करून बघायची, डोक्यातच आलं न्हाई." ही गाडी हातात आली की उभी करायची कुणाच्याच डोक्यात येत नाही, हे त्याने सांगितलं नाही, पण तिघांनाही कळलं.

त्याने बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला जोडल्या. पंखा भर्रकन फिरला. म्हणजे पंखा चांगला होता, त्याच्यापर्यंत करंट पोचत नव्हता. जगनने फ्यूजची पेटी उघडली. पंख्याला करंट देणारा काडेपेटीपेक्षा लहान काळा डबा, त्याला रिले म्हणतात, त्याची जागा रिकामी होती.

"इथला रिले कोणी काढला?"

जगन इकडेतिकडे बोट फिरवत गेला. पुढच्या जाळीमागे एक पिवळी वायर होती, ती कंपनीची वाटत नव्हती. वायरीच्या टोकाला एक दणकट भोंगा होता आणि भोंग्याच्या पोटाला, टेपने गुंडाळून, तो रिले.

"हा हार्न कोणी बसवला?" शिवकन्येने विचारलं.

भागवतने उत्तर द्यायला पुरेपूर वेळ घेतला. असा क्षण संसारात वारंवार येत नाही.

"दिवाळीत. तुझ्या भावानं."

शिवकन्येने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "हनुमान, दाजीच्या गाडीचा रिले काढला का तू?"

"व्हय ताई," पलीकडून हनुमान आनंदाने म्हणाला. "मेंढरं बाजूला होत न्हाईत म्हणून मोठा हार्न बसवून देला. त्याला रिले लागतो. पेटीत एकसारखे लई डबे होते. इतके काय करायचे? एक घेतला. गाडी तर बराबर चालू झाली!"

"आणि मेंढरं?"

"मेंढरं न्हाई हटली, ताई. त्यांना सवय झाली."

भिकाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. जगनने रिले होता तिथे बसवला. गाडी पुन्हा अंगणात उभी करून तापवली. काटा थोडा वर सरकला, पंखा आपोआप घरघरला आणि काटा खाली आला. गाडीला काही होत नाही याची सगळ्यांची खात्री पटेस्तोवर तूर निवडून संपली होती.

चहा पिताना शिवकन्या म्हणाली, "मला वाटलं, तुमाला माझ्या माहेरालाच यायचं न्हाई."

"यायचं होतं," भागवत म्हणाला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "पण तुझे दादा मला एडका धरायला लावतात."

शिवकन्या इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. "मंग सांगायचं की! मी सांगते दादाला. पण दादा म्हणले, या जावयानं दोनदा पडून बी एडका सोडला न्हाई. सगळ्या पाहुण्यांना सांगून राहिलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवायला भागवतच आधी उठला.

माळावर कळप भेटला. गाडी रांगली, पंखा घरघरत राहिला, काटा मधोमध. दगडोबाने जावयाला सावलीत बसवलं, चहा दिला आणि एडक्याचं नाव काढलं नाही. पंचफुलाबाई नवं लुगडं नेसून, गठुडं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. शिवकन्या मागे. सगळं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेल्या या बाईने दाराची कडी घट्ट धरली होती.

डांबरी रस्ता लागला. सासूला भीती वाटू नये म्हणून भागवत सायकलीच्या चालीने गाडी हाकत राहिला. मागून आलेला टेम्पो पुढे गेला. मग एक ट्रॅक्टरही पुढे गेला.

"जावईबापू," पंचफुलाबाई म्हणाली, "ही इतकीच पळती का?"

भागवतने मागे बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्याने पाय दाबला. टर्बोची शिट्टी वाजली, ट्रॅक्टर मागे पडला, टेम्पो मागे पडला, आणि पंचफुलाबाईची मान सीटला चिकटली. तिने कडी आणखी घट्ट धरली. घाबरली असेल म्हणून भागवतने झटकन वेग कमी केला.

पंचफुलाबाईने कडी सोडली, पदर नीट केला आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

"काहून कमी केली?"